‘त्यांचं कोण करतं?’ : घरच्या काळजीवाहकाला आधार म्हणजे नेमकं काय

“तब्येत आता स्थिर आहे, उद्या घरी न्या,” असं राउंडवरचे डॉक्टर सांगून जातात आणि घरच्यांना हायसं वाटतं. दुसऱ्या दिवशी दुपारी फाइल, औषधांची पिशवी आणि डिस्चार्ज कार्ड हातात पडतं. सिस्टर दहा मिनिटांत सगळं सांगते: लघवीची पिशवी कशी रिकामी करायची, कूस किती वेळाने बदलायची, कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर. हे सगळं ऐकतो तो गाडी घेऊन आलेला पुतण्या. रात्री दोन वाजता पिशवीत थेंबही उतरलेला नाही हे जिच्या लक्षात येणार आहे, ती बायको त्या वेळी घरी पलंग सरकवून जागा करत असते.

हॉस्पिटलातला मुक्काम गेल्या काही दशकांत बऱ्याच देशांत आखूड होत गेला. वॉर्डात तीन पाळ्यांमध्ये वाटलं जाणारं काम घरी एकाच माणसाच्या अंगावर पडतं. त्या माणसाला पगार नाही, त्याची पाळी बदलत नाही आणि बहुतेक वेळा केसपेपरवर त्याचं नावही नसतं. “घरच्यांना आधार द्यायला हवा” असं हल्ली सगळेच म्हणतात. त्यात कौतुकाचा भाग किती आणि उपयोगाचा किती, हे मात्र कोणी फोड करून सांगत नाही.

## आधी नाव लिहा

आजारी, अपंग किंवा थकलेल्या माणसाचं पैसे न घेता नियमितपणे करणारं कोणीही म्हणजे काळजीवाहक. नवरा, मुलगी, सून, भाऊ, शेजारी, कधी बारा वर्षांचा मुलगासुद्धा. हा शब्द कागदावरचा आहे, स्वतःला कोणी तसं म्हणवत नाही. “तुम्ही काळजीवाहक आहात का?” असं विचारलं तर उत्तर येतं, “छे, मी त्यांची बायको.” त्यामुळे प्रश्न कामाचे विचारावेत. अंघोळ कोण घालणार? गोळ्या कोण काढून देणार? रात्री उठणार कोण?

या तिन्ही प्रश्नांना तीन वेगळी नावं येऊ शकतात, आणि तिसरं नाव सगळ्यात महत्त्वाचं. गडबड होते ती बहुधा रात्री, आणि तेव्हा घरात जागं असलेलं माणूसच सगळं निभावतं.

अमेरिकेत २०१४ साली ओक्लाहोमा राज्याने याचा कायदाच केला आणि पुढे अनेक राज्यांनी तो उचलला. हॉस्पिटलला त्याने तीन गोष्टी बंधनकारक केल्या: रुग्ण सांगेल त्या काळजीवाहकाचं नाव नोंदवा, डिस्चार्जची पूर्वसूचना त्याला द्या आणि घरी करायची कामं त्याला शिकवा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण नावच नोंदलेलं नसेल तर सूचना कोणाला द्यायची आणि शिकवायचं कोणाला, हा प्रश्न शेवटच्या दिवसापर्यंत लोंबकळत राहतो. मग समोर जो उभा असेल त्याला सांगितलं जातं, म्हणजे पुतण्याला.

## “समजलं ना?” हा प्रश्न कुचकामी का

डॉक्टर-सिस्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण तिथल्या तिथे विसरतात आणि जे आठवतं त्यातलंही जवळपास निम्मं चुकीचं असतं, असा या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा २००३ साली प्रसिद्ध झाला. रात्रभर खुर्चीत बसून काढलेल्या नातेवाइकाची अवस्था याहून बरी असण्याचं कारण नाही. “समजलं ना?” असं विचारलं की माणूस मान डोलावतो. नाही म्हणायची लाज वाटते, शिवाय सिस्टरला घाई असते तीही दिसत असते.

यावर उपाय साधा आहे. सांगून झाल्यावर म्हणायचं, “घरी गेल्यावर हे तुम्ही बहिणीला कसं समजावाल, मला एकदा सांगून बघा.” कृती असेल तर “आता तुम्ही करून दाखवा.” याला टीच-बॅक म्हणतात, म्हणजे शिकलेलं उलट सांगून दाखवणं. परीक्षा सांगणाऱ्याची असते. समोरच्याला सांगता आलं नाही तर आपलं सांगणं चुकलं असं धरायचं आणि दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगायचं.

हाताचं काम मात्र नुसतं सांगून येत नाही. पोहण्याचं पुस्तक वाचून कोणी तलावात उडी मारत नाही. प्रत्येक कृती तीनदा व्हायला हवी: एकदा बघून, एकदा सिस्टरबरोबर आणि एकदा सिस्टर नुसती बाजूला उभी असताना. तिन्ही वेळा एकाच दुपारी होत नाहीत. म्हणून शिकवणं भरतीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून सुरू करावं लागतं.

## एक कृती जवळून: पलंगावरून खुर्चीत

पक्षाघाताने डावी बाजू लुळी पडलेला माणूस आहे आणि उजव्या पायावर त्याला थोडाफार भार घेता येतो, असं समजा. घरी हमखास होते ती चूक अशी: मुलगा समोर उभा राहतो, वडिलांच्या काखांत हात घालतो आणि वर ओढतो. लुळ्या बाजूचा खांदा आधीच सैल असतो, तो या ओढीने सांध्यातून निसटतो आणि पुढचे कित्येक महिने दुखत राहतो. मुलाच्या कमरेत उसण भरते ती वेगळीच.

खुर्ची धड बाजूला, म्हणजे इथे उजवीकडे, पलंगाला किंचित तिरकी लावायची. चाकांची खुर्ची असेल तर ब्रेक लावून पाय ठेवायची पट्टी बाजूला करायची. रुग्णाला पलंगाच्या कडेवर आणून बसवायचं. तळवे पूर्ण जमिनीवर हवेत, टाचा गुडघ्यांच्या जरा मागे, पायात न घसरणारी चप्पल. आपण समोर, थोडं लुळ्या बाजूकडे उभं राहून आपल्या गुडघ्याने त्यांचा लुळा गुडघा अडवून धरायचा, म्हणजे तो दुमडत नाही. हात काखेत नकोत, कमरेच्या पट्ट्याला हवेत. त्यांनी आपल्या गळ्यात हात टाकायचे नाहीत. मग त्यांना पुढे झुकायला सांगायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं. इथेच सगळे अडतात, कारण पडायच्या भीतीने माणूस मागे रेलतो आणि आपण त्याला ओढायला लागतो. पुढे झुकल्यावर वजन आपोआप पायांवर येतं. तीन म्हणताच दोघांनी मिळून उठायचं, छोट्या पावलांनी वळायचं आणि पोटऱ्यांना खुर्ची टेकली की मगच सावकाश बसायचं.

मध्येच गुडघे गळाले तर तोलून धरायचा हट्ट नको. आपल्या अंगाच्या आधाराने त्यांना हळूहळू जमिनीवर बसू द्यायचं. कोणत्याच पायावर भार घेता येत नसेल तर हे काम एकट्याचं नाही, तिथे दोन माणसं किंवा उचलण्याचं यंत्रच लागतं. “एवढं काय, उचलून ठेवतो” म्हणणाऱ्या धट्ट्याकट्ट्या मुलांनाही हे सांगावं लागतं.

वर लिहिलेलं वाचून समजतं, पण जमतं ते फिजिओथेरपिस्टसमोर तीन वेळा केल्यावरच.

## रात्रीचं गणित

एकाच जागी दाब पडून जखमा होऊ नयेत म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदला, असं डिस्चार्ज कार्डावर सर्रास लिहिलेलं असतं. वॉर्डात ते ठीक, तिथे रात्रपाळी असते. घरी रात्री दहाला कूस बदलली तर पुढचे गजर बारा, दोन, चार, सहा. उठणं, वळवणं, कपडा ओला असेल तर बदलणं आणि पुन्हा डोळा लागणं यात अर्धा तास जातो. म्हणजे सलग झोप दीड तासाच्या वर नाही, रोजच्या रोज. तिसऱ्या आठवड्यात हे माणूस गोळ्यांची गफलत करतं आणि सगळे त्यालाच बोल लावतात.

दोन तासांचा हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या २७ शुश्रूषागृहांमधल्या (म्हणजे वृद्धांना कायमचं ठेवून घेऊन सांभाळणाऱ्या केंद्रांमधल्या) ९४२ रहिवाशांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. दाट फोमच्या गादीवर झोपणाऱ्या, मध्यम ते जास्त धोका असलेल्या वृद्धांमध्ये कूस दोन, तीन किंवा चार तासांनी बदलली तरी जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणारी ब्रिटनची नाइस ही संस्था जास्त धोका असलेल्या प्रौढांसाठी निदान दर चार तासांनी स्थिती बदलायला सांगते.

याचा अर्थ उद्यापासून सगळ्यांनी चार तासांवर जावं असा नाही. आधीच जखम असेल, गादी साधी असेल, पोषण खालावलेलं असेल तर हिशेब बदलतो. पण डिस्चार्जच्या आधी हा प्रश्न विचारायलाच हवा: “अमुक प्रकारची गादी घेतली तर रात्रीचं अंतर वाढवता येईल का?” उत्तर हो असेल तर काळजीवाहकाला सलग साडेतीन तासांची झोप मिळते. कित्येक समुपदेशनांपेक्षा हा आधार मोठा आहे.

अंतर वाढवायचं तर त्वचा बघायची सवय पक्की हवी. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू, रोज दोनदा. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून सोडायचं. दाबल्यावर फिका पडून पुन्हा लाल झाला तर ठीक. फिका पडतच नसेल तर ती जखमेची सुरुवात, त्याच दिवशी फोन करायचा. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे शेजारच्या भागापेक्षा गरम, कडक किंवा वेगळ्या रंगाचं काही लागतंय का ते हाताने बघायचं. डाग चोळायचा नाही. टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून उशी पोटऱ्यांखाली ठेवायची. मध्ये भोक असलेली रिंग वापरू नये, तिच्या कडेवर दाब उलट वाढतो.

## “आपल्याच माणसाचं करायचं, त्यात आधार कसला?”

हा आक्षेप बाहेरच्यांपेक्षा काळजीवाहकच जास्त घेतात. त्याला उत्तर द्यायला तीन अभ्यास पुरेत.

पहिला १९९५ चा. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाचं करणाऱ्या १३ बायका आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ बायका यांच्या हातावर संशोधकांनी साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली आणि ती किती दिवसांत भरते ते पाहिलं. काळजीवाहक बायकांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. मनावरचा ताण कातडीपर्यंत पोचतो, तो असा.

दुसरा १९९९ चा, वृद्ध जोडप्यांवरचा. जोडीदाराचं करताना ताण जाणवत होता अशांमध्ये चार वर्षांत मृत्यूची जोखीम इतरांपेक्षा ६३ टक्के जास्त निघाली. जोडीदाराचं करत होते पण ताण नव्हता, अशांमध्ये ती वाढलेली दिसली नाही.

तिसरा २०१३ चा, आणि तो पहिल्या दोघांच्या उलट वाटतो. त्यात साडेतीन हजार काळजीवाहकांची तुलना तशाच वय-परिस्थितीच्या इतरांशी केली, तर काळजीवाहकांचा मृत्युदर १८ टक्के कमी भरला. तिन्ही एकत्र ठेवले की चित्र स्पष्ट होतं. कोणाचं तरी करणं माणसाला घातक नाही, कित्येकांना ते तगवतंही. घातक असतो तो ताण, आणि तो झोप, पैसा, माहिती आणि मदत यांच्या तुटवड्यातून येतो. हा तुटवडा प्रेमाने भरून निघत नाही.

हा ताण मोजताही येतो. अमेरिकी संशोधक स्टीव्हन झारिट यांच्या नावाने ओळखली जाणारी प्रश्नावली आज २२ प्रश्नांची आहे. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ८८. पंधरा-वीस मिनिटांत भरून होते. रुग्णाचा रक्तदाब प्रत्येक भेटीत लिहिला जातो. शेजारी बसलेल्या माणसाचे हे गुण वर्षातून दोनदा लिहायला काय हरकत आहे, कळत नाही. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने काळजीवाहकाला स्वतःच्या गरजांची वेगळी तपासणी मागण्याचा हक्कच दिला आहे, रुग्णाने स्वतःची तपासणी नाकारली तरीही.

## वेळ कुठून आणायचा, आणि गोपनीयतेचं काय?

वॉर्डातला स्टाफ कमी आहे, ही तक्रार खरी आहे. पण शिकवण्यासाठी वेगळा वर्ग भरवावा लागत नाही. अंग पुसणं, कूस बदलणं, पिशवी रिकामी करणं ही कामं रोज होणारच असतात. तेव्हा नातेवाइकाला पडद्याबाहेर पाठवण्याऐवजी रुग्णाला विचारून आत बोलवायचं, इतकाच बदल. पहिल्या दिवशी पाच मिनिटं जास्त जातात, चौथ्या दिवशी ती वसूल होतात.

गोपनीयतेची अडचणही खरी, पण तिचा बाऊ फार होतो. रुग्ण शुद्धीवर असेल तर काय सांगायचं आणि कोणाला, हे त्यालाच विचारून लिहून ठेवायचं. त्याने नकार दिला तरी दोन वाटा उघड्या राहतात. काळजीवाहकाचं ऐकून घ्यायला कोणाच्या परवानगीची गरज नाही, आणि या आजारात साधारण काय होतं हे सांगण्यात कोणाचं गुपित फुटत नाही.

## शिकवलं की झालं?

नाही, आणि हे नीट समजून घ्यायला हवं. लंडनमध्ये ३०० पक्षाघाताच्या रुग्णांवर झालेल्या २००४ च्या चाचणीत घरच्यांना शिकवल्याने त्यांच्यावरचा भार कमी झाला, खर्चही घटला. सगळ्यांना हुरूप आला. मग २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या ३६ केंद्रांत रुग्ण आणि काळजीवाहक अशा ९२८ जोड्यांवर तशाच प्रशिक्षणाची मोठी चाचणी झाली, तर सहा महिन्यांनी ना रुग्णात फरक, ना काळजीवाहकाच्या भारात. २०१७ मध्ये भारतातल्या १४ हॉस्पिटलांतल्या १२५० रुग्णांवरची चाचणीही तेच सांगून गेली: कुटुंबाला पुनर्वसनाचे व्यायाम शिकवून मृत्यू किंवा परावलंबित्व कमी झालं नाही.

आता याच्या शेजारी न्यूयॉर्कमधलं काम ठेवा. तिथे अल्झायमरच्या रुग्णांच्या ४०६ जोडीदारांपैकी निम्म्यांना सहा समुपदेशन-बैठका मिळाल्या, त्यातल्या चार पूर्ण कुटुंबाबरोबर. पुढे आधारगट आणि अडलं की फोन, तोही वर्षानुवर्षं. तुलनेच्या गटापेक्षा रुग्णाला शुश्रूषागृहात हलवण्याची वेळ दीड वर्षाने, नेमकं सांगायचं तर मध्यक (मेडियन) धरून ५५७ दिवसांनी, लांबली.

आजार वेगळे आहेत, मोजमापंही वेगळी, त्यामुळे या चाचण्यांची सरळ तुलना करता येत नाही. तरी आमचा कौल असा: शिकवणं आवश्यक आहे, पण एकदाचं शिकवणं पुरत नाही. खुर्चीत बसवायला न शिकवता घरी पाठवणं धोक्याचं, आणि शिकवलं म्हणून हात झटकणंही चूक. घरच्या बैठकीचं महत्त्व इथेच आहे. भावंडांत “मी लांब राहतो, पण काही लागलं तर सांग” असं म्हणणारा एक असतोच. बैठकीत त्याला विचारायचं, की औषधं मागवणं, कागदपत्रं बघणं, महिन्यातून दोन शनिवार-रविवार यातलं तू काय घेतोस, आणि तारखा लिहून घ्यायच्या.

## घरी गेल्यावरचा पहिला आठवडा

रुग्ण दारात येण्याआधी गादी, कमोडची खुर्ची, युरिन पॉट घरात असायला हवं. हे सगळं दोन दिवसांनी आलं तर तेवढ्यातच टाचेला जखम होते.

दोन-तीन दिवसांत कोणीतरी फोन करावा, आणि तो “सगळं ठीक ना?” असा नसावा. “काल रात्री किती वेळा उठलात? पिशवीत किती लघवी उतरली? गोळ्यांची यादी समोर धरून मला वाचून दाखवा.” तिसऱ्या प्रश्नाने एक चूक फार वेळा सापडते: जुन्या डब्यातली रक्तदाबाची गोळी आणि हॉस्पिटलने दिलेली नवी, नावं वेगळी पण औषध एकच, आणि दोन्ही चालू. म्हणून डिस्चार्जच्या यादीत चालू औषधांइतकीच बंद केलेली औषधंही लिहावीत.

रात्रीचा फोन कोणाला करायचा, आणि कोणत्या लक्षणाला सकाळपर्यंत थांबायचं नाही, हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाजवळ लावायचं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असेल तर त्या कागदावर एक ओळ ही: नळी पिळलेली नाही, पिशवी मूत्राशयाच्या खालीच आहे, तरी तीन-चार तासांत काही उतरलं नाही आणि ओटीपोट दुखतंय, तर थांबू नका.

## विसावा

काही तास किंवा दिवस दुसऱ्या कोणी जबाबदारी घेणं याला विसावा-सेवा म्हणतात. दिवसभराचं केंद्र, घरी येणारी व्यक्ती किंवा थोड्या मुक्कामाची सोय. ती असूनही बरेच जण वापरत नाहीत. “माझ्याशिवाय ते खात नाहीत” हे कारण बहुतेक वेळा खोटं नसतं, कारण खाऊ कसं घालायचं हे एकाच माणसाच्या डोक्यात असतं. ते कागदावर उतरवायला लागतं: कोणत्या बाजूने घास द्यायचा, किती लहान, ताठ बसवून, गिळल्यावर तोंड रिकामं झालंय का बघून पुढचा, आणि खाणं झाल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. चिडले तर काय करायचं. कोणत्या नावाने हाक मारायची.

सुरुवात दोन तासांनी करावी, आठवड्यातल्या ठरावीक दिवशी, आणि पहिल्या वेळी काळजीवाहकाने शेजारच्या खोलीत असावं. त्या दोन तासांत उरलेली घरकामं करायची नाहीत, हेही सांगावं लागतं. नोकरी करणाऱ्यांची अडचण वेगळी. त्यांना दवाखान्याच्या तारखा आधी कळल्या तर रजा टाकता येते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून अशा कर्मचाऱ्यांना वर्षाला एक आठवडा रजेचा हक्क मिळाला, बिनपगारी. तुटपुंजा आहे, पण रजेच्या अर्जावर खरं कारण लिहिता येतं.

## हे सगळं फुकटात कामं करवून घेण्यासाठी तर नाही?

सगळ्यात रास्त शंका हीच. ‘कुटुंबाचा सहभाग’ या गोड नावाखाली वॉर्डातली कामं नातेवाइकांवर ढकलली जातात, हे होतं. फरक ओळखायची एक खूण आहे: नाही म्हणता येतं का? “घरी हे तुम्हाला जमेल का? काय जमणार नाही?” असं विचारलं गेलं आणि “नळीतून भरवणं मला जमणार नाही” या उत्तरावर दुसरी व्यवस्था शोधली गेली, तर तो आधार. ब्रिटनमध्ये २०१४ साली सुरू झालेल्या जॉन्स कॅम्पेनने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाजवळ घरच्या माणसाला हवं तेव्हा थांबू द्या अशी मागणी लावून धरली. ती थांबण्याच्या हक्काची होती. तो हक्क “नातेवाईक थांबले नाहीत तर आम्ही बघणार नाही” इथवर ताणला की उलटा होतो.

## पलंग रिकामा झाल्यावर

एक दिवस हे काम थांबतं. भाड्याचा पलंग परत जातो, येणारी सिस्टर यायची बंद होते, फोनही थांबतात. काळजीवाहकाला मात्र पुढचे कित्येक आठवडे रात्री दोनला जाग येत राहते. पुढे ढकललेल्या स्वतःच्या तपासण्या, सोडलेली नोकरी, दुखरी कंबर, सगळं एकदम समोर येतं. उरलेली औषधं, विशेषतः तीव्र वेदनाशामकं, घरात पडून राहू नयेत म्हणून ती कुठे परत करायची ते त्याच आठवड्यात सांगावं लागतं. आणि साधारण महिन्याभराने, पाहुण्यांची वर्दळ ओसरल्यावर, ज्यांच्याकडे काळजीवाहकाचं नाव नोंदलेलं आहे त्यांच्यापैकी कोणीतरी एक फोन करावा: “तुम्हाला झोप लागते का?”